म्हाताऱ्या मांजरीला गोळी देताना पाणी विसरू नका

मांजर दहा-अकराच्या पुढे गेली की किडनी, थायरॉइड, सांधे काही ना काही सुरू होतंच आणि मग रोजची गोळी मागे लागते. गोळी जिभेच्या अगदी मागे टाकायची, तोंड हलकेच मिटून गळ्यावरून बोट फिरवायचं, हे बहुतेकांना माहीत असतं पण त्यानंतर पाणी द्यायचं राहून जातं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून बसते, डॉक्सीसायक्लिनसारखी (हे एक अँटिबायोटिक) असेल तर आतून अक्षरशः भाजल्यासारखी जखम होते. म्हणून लगेच सुईशिवायच्या सिरिंजने ५-६ मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू सोडा, समोरून जोरात नको, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल.

गोळी कुटून जेवणात घालायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या फोडायच्या नसतात आणि कडू लागलं तर ती ते खाणंच सोडते, वयस्कर मांजरीचं खाणं तुटलं की सावरणं फार जड जातं बघा. पूर्ण एक दिवस काही खाल्लं नाही तर थांबू नका, डॉक्टरांना फोन करा, कारण लिव्हरवर परिणाम व्हायला लागतो.

आठवड्यातून एकदा वजन करा, आधी तिला उचलून घेऊन काट्यावर उभं राहायचं मग एकट्याने, फरक लिहून ठेवायचा. पाणी जास्त पितेय का, शू वाढलीय का तेही लिहा.

आणि माणसांची पॅरासिटामॉल कधीच नाही, अर्धी पण नाही, जीव जातो.