पार्किंगमधून उचलून आणलेल्या पिल्लाला घरचं वळण कसं लावायचं

मांजर काही शिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा खाऊच्या डब्याचं झाकण उघडून बघावं, आतल्या खोलीत गाढ झोपलेली मनी सेकंदात पायाशी हजर असते, मग हे शिकणं नाही तर काय? फक्त ती तुम्हाला खूश करायला शिकत नाही, स्वतःचा फायदा बघून शिकते. म्हणून ओरडणं, फटका, पाण्याचा फवारा यातनं एकच होतं, तुम्ही समोर असताना ती गप्प बसते आणि पाठ वळली की पुन्हा ओट्यावर.

आधी शी-शूचं बघू, कारण घरातली अर्धी भांडणं त्यावरूनच होतात. पिल्लू आणलं की लगेच सगळं घर मोकळं करून देऊ नका, सुरुवातीचे काही दिवस एकाच खोलीत ठेवा, एका कोपऱ्यात खाणं-पाणी आणि दुसऱ्या टोकाला ट्रे. ट्रे कमी उंचीचा घ्या, पिल्लाला चढता आलं पाहिजे, आणि आत दोन-तीन इंच लिटर, म्हणजे शी-शू झाकायला घालतात ती वाळू किंवा भुसा. अगदी लहान पिल्लू लिटर चाटतं, त्यामुळे त्याला ओलं झाल्यावर गोळे होणारं नको, लाकडाच्या भुशाचं चालेल. खाऊन झालं किंवा झोपेतून उठलं की अलगद ट्रेमध्ये ठेवायचं, बस. त्याचे पंजे धरून उकरायला शिकवू नका, ते त्याला उपजत येतं, उलट पंजे धरले की ट्रेचीच भीती बसते. वॉशिंग मशीनच्या शेजारी ट्रे नको, ड्रायर सुरू झाला की पिल्लू जे पळतं ते परत तिकडे फिरकत नाही. ट्रे रोज साफ करा. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन.

बाहेर घाण केली तर नाक घासणं वगैरे जुने प्रकार बंद. आणि फिनेल तर अजिबात नको, त्यातले काही घटक मांजराच्या लिव्हरला पचत नाहीत आणि ती पंजे चाटते म्हणजे ते थेट पोटात जातं. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, कारण वास राहिला की ती परत तिथेच जाणार. नीट सवय लागलेलं मांजर अचानक बाहेर करायला लागलं तर शिस्तीचं बाजूला ठेवा, आधी डॉक्टरकडे न्या. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लघवी तुंबली तर जीवावर बेततं.

हाक मारल्यावर यायला शिकवणं सगळ्यात सोपं. जेवणाआधी, भूक असताना, बिनमिठाचं उकडलेलं चिकन शेंगदाण्याएवढं तोडून घ्या (कांदा-लसूण लागलेलं नको, ते मांजराला विषच). नाव एकदाच घ्यायचं, ती वळली की एक-दोन सेकंदात तुकडा. उशीर केला तर तिला कळतच नाही बक्षीस कशाचं होतं. दोन-तीन मिनिटांत आवरतं घ्या, कंटाळली की उठून जाते आणि तुम्ही बोलावत बसता. बक्षीस म्हणून दूध नको, आजी लोकांना हे पटत नाही पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात.

सोफा ओरबाडतेय? नख्या घासणं थांबणार नाही, जागा बदलता येते. जाड लाकडाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, उंची अडीच-तीन फूट, बूड जड. ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणते आणि सगळं वजन टाकून खाली ओढते, त्यात खांब हलला की विषय संपला, परत सोफा. खांब सोफ्याला चिकटूनच ठेवा, लांब कोपऱ्यात शोभेला नको.

ओट्याचं म्हणाल तर उघडी मासळी ठेवून मांजराकडून संयमाची अपेक्षा करू नये. झाकून ठेवा आणि खिडकीपाशी एक उंच स्टूल द्या, तिला वरून बघायला आवडतं. खिडकीला जाळी मात्र हवीच.

चावणं बहुतेक आपणच शिकवतो, हाताची बोटं नाचवून. काठीला दोरी बांधून खेळवा, शेवटी तिला पकडू द्या, आणि खेळून झालं की दोरी कपाटात, नाहीतर गिळेल. रात्री झोपायच्या आधी असं दमवून मग खायला दिलं की पहाटे पाचचं म्यावम्याव कमी होतं. तरी ओरडलीच तर उठू नका, सुरुवातीला जास्त ओरडेल, एकदा जरी उठून खायला दिलंत तरी पहिल्यापासून सुरू.

डॉक्टरकडे न्यायचा पिंजरा एरवी माळ्यावर टाकू नका, दार उघडं ठेवून, आत जुना टॉवेल घालून हॉलमध्येच असू द्या, अधूनमधून खाऊ आतच द्या. साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला रेबीजच्या लसीला न्यायचं असतं, तोवर ती आपणहून आत झोपायला लागलेली असली की काम झालं.