खरी माती खोटी का दिसते? डायोरामाची जमीन करताना या चुका टाळा

रणगाडा रंगवायला दीड महिना आणि त्याच्याखालची जमीन उरकायला रविवारची एक दुपार, हा हिशेब इतक्या टेबलांवर पाहिलाय की आता डायोरामा, म्हणजे छोट्या मॉडेलांचा मांडलेला देखावा, समोर आला की माझी नजर आधी खालीच जाते. मॉडेल देखणं, डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं-आकडे) जागच्या जागी, आणि खाली खडी पसरलेली. वर कौतुकाने सांगतात, "काका, खरी वाळू आहे!" घोळ तिथेच आहे.

वाळू खरी असते, पण ती तुमच्या-माझ्या मापाची असते. चौपाटीवरचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:७२ च्या, म्हणजे खऱ्यापेक्षा ७२ पट लहान, मॉडेलखाली ठेवला की त्याचे ३६ मिलिमीटर होतात. म्हणजे डंपर रस्त्याकडेला ओतून जातो ती खडी. १:३५ ला साडेसतरा मिलिमीटर, तीही खडीच, जरा बारीक. वाळवंटातली वाळू ७२ पट लहान केली तर कण डोळ्याला दिसायलाच नको.

हे मी पुस्तकात वाचून नाही शिकलो. राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचा देखावा करायला घेतला होता: ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ, मऊ वाळूत रुतलेले पाकिस्तानी टाइप-५९ रणगाडे आणि वरून झेपावणारं, जैसलमेरहून आलेलं आपलं एक हंटर लढाऊ विमान. कोकणातल्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणली, फेविकॉलवर भुरभुरली आणि स्वतःवरच खूश झालो. एका मित्राने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रणगाडे झकास जमलेत रे, पण हे सगळे खडीच्या क्रशरवर कशाला नेऊन ठेवलेस?" त्यात वाळू धुतलीही नव्हती. पावसाळ्यात मिठाने हवेतला ओलावा ओढला, जमीन चिकचिकीत झाली; ऑक्टोबरच्या उन्हात तिच्यावर पांढरी खार फुटली. तीन रणगाडे सुरीने सोडवून काढले. एकाचा ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा पट्टा, तुटला तो तुटलाच.

आता वाळवंटासाठी मी वाळू वापरतच नाही. वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल आणि मातकट अॅक्रिलिक रंग कालवतो, पातळ थर देतो आणि ओल्या ब्रशने गुळगुळीत करतो. रंग आतच हवा, नाहीतर कुठे टवका उडाला की खालचं पांढरं दात दाखवतं. वरून हवीच असेल तर चिमूटभर वस्त्रगाळ माती, जुन्या सुती ओढणीतून गाळलेली. चहाची गाळणी चालणार नाही. "काका, गाळणीने पटकन होतं," असं सांगणाऱ्याला मी गाळणीच्या भोकाला ७२ ने गुणायला सांगतो.

आणि दिवाळीत उरलेली रांगोळी डब्यातच राहू द्या. ती चकाकते. या मापात एकेक चमक म्हणजे वाळवंटात फुटलेला आरसा.

कुंडीतली माती

दुसरी लाडकी चूक. बाल्कनीत हात घातला, मूठभर माती काढली, चिकटवली, वर अॅक्रिलिकची पेटी. त्या मातीत शेणखत असतं, बिया असतात, मुंग्यांची अंडी असतात, आणि तुम्ही त्यांना काचघर बांधून देता. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने जूनमध्ये असा देखावा बंद केला. गणपतीपर्यंत रणगाड्याच्या चाकांवर पांढरी बुरशी आणि शेजारी दोन पानांचं रोप. रोप दोन सेंटीमीटरचं, म्हणजे १:७२ ला जवळजवळ दीड मीटर. त्याला तो उपटायला तयार नव्हता, हे वेगळं.

माती घ्यायचीच तर खत न घातलेली घ्या, जुन्या लोखंडी तव्यावर चांगली भाजा, मग गाळा. तवा वेगळा ठेवा. घरात मी हे एकदाच विसरलो. भाजलेली मातीही फेविकॉल लागलं की गडद होते आणि कायमची ओली दिसते, म्हणून ती रंगवावी लागते. "खऱ्या मातीला कशाला रंगवायचं?" या प्रश्नाचं उत्तर देऊन मी दमलोय.

बाकीचं थोडक्यात. रवा, खसखस, मोहरी स्वयंपाकघरात शोभतात. शोकेसमध्ये त्यांना मुंग्या लागतात. थर्माकोलवर स्प्रे रंग मारू नका, तो विरघळतो. पातळ फेविकॉल मातीवर मोत्यासारखं थबकत असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. गवत एकाच हिरव्या रंगाचं नको, आणि सहा मिलिमीटरचं गवत १:७२ ला गुडघ्याला लागतं हे लावण्याआधी मोजा. देखाव्याखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पाटी दोन्ही बाजूंनी रंगवा, नाहीतर ती पापडासारखी वळते.

रणगाडा जमिनीवर ठेवायचा नसतो, जमिनीत बसवायचा असतो. छत्तीस टनांचं धूड मऊ वाळूत वीतभर तरी रुतणार. वीतभर म्हणजे आपले जेमतेम तीन मिलिमीटर. पुट्टी ओली असतानाच ट्रॅक पाण्याने ओले करून मॉडेल दाबा, मागची चाकोरी तेव्हाच ओढा, मग मॉडेल काढून घ्या आणि शेवटी परत बसवा.

आणि तो हेअर ड्रायर बंद करा. पुट्टीचा प्रत्येक थर मी रात्रभर सोडतो. घाईने सुकवलेल्याला तडे जातात. एकाने असले तडे दाखवून मला ऐकवलं की हे मुद्दाम आहे, सुकलेलं तळं दाखवलंय. बरं, म्हटलं, मग रणगाड्याच्या चाकांना चिखल कुठाय?