स्पर्शावरून वेळ ओळखण्यासाठी ॲपल वॉच कसे वापरावे

घड्याळाकडे न पाहता आणि कोणालाही ऐकू न जाता वेळ कळावी, यासाठी ॲपल वॉचमध्ये ‘टॅप्टिक टाइम’ ही सोय आहे. दृष्टिहीन व्यक्तींना ती विशेष उपयोगी पडते. मात्र बैठकीत किंवा वर्गात वारंवार घड्याळ पाहणे अवघड वाटणाऱ्यांनीही ती शिकून घेण्यासारखी आहे.

प्रथम घड्याळाच्या सेटिंग्जमधील ‘क्लॉक’ या भागात जाऊन टॅप्टिक टाइम सुरू करावा. वेळ नेहमी बोलून सांगण्याचा पर्याय निवडलेला असल्यास ही सोय बंद राहते. म्हणून ‘स्पीक टाइम’खालील ‘कंट्रोल विथ सायलेंट मोड’ निवडून घड्याळ सायलेंटवर ठेवावे. त्यानंतर तबकडीवर दोन बोटे टेकवून धरली की मनगटावर ठोके जाणवू लागतात. पट्टा सैल असेल तर लांब आणि आखूड ठोक्यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे तो न काचता अंगाला टेकेल इतका आवळावा.

खरा विचार पद्धत निवडताना करावा लागतो. ‘डिजिट्स’ पद्धतीत दहा तासांसाठी एक लांब ठोका व उरलेल्या प्रत्येक तासासाठी एक आखूड ठोका मिळतो, आणि मिनिटेही याच रीतीने मोजली जातात. वेळ अचूक कळते, पण ९:५९ साठी तब्बल २३ ठोके मोजावे लागतात. ‘टर्स’ पद्धतीत पाच तासांना एक लांब ठोका, उरलेल्या तासांना आखूड आणि शेवटी प्रत्येक पूर्ण पाव तासाला एक लांब ठोका असतो. तीच वेळ आठ ठोक्यांत संपते. सव्वा, साडे, पावणे असे मोजण्याची सवय असलेल्या आपल्याला ही पद्धत लवकर साधते; फक्त शेवटी तीन लांब ठोके आले, तर तासात एक मिळवायला विसरू नये, कारण ४:४५ म्हणजे पावणेपाच. मात्र पाव तास पूर्ण झाल्याशिवाय ठोका वाढत नसल्याने ९:५९ लाही पावणेदहाच कळतात. गाडी गाठायची असेल तेव्हा डिजिट्स बरी. भाषण किती लांबले एवढेच पाहायचे असेल तर टर्स पुरते. तिसरी मोर्स पद्धत वेळेचा प्रत्येक अंक मोर्स लिपीत, म्हणजे तारायंत्राच्या लांब-आखूड खुणांत सांगते; ती लिपी आधीपासून येणाऱ्यांनीच घ्यावी.

सरावासाठी आधी ठोके मोजून वेळ मनाशी ठरवावी आणि मगच तबकडी पाहून ती पडताळावी. ठोके हलके वाटल्यास ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मध्ये ‘प्रॉमिनंट’ निवडून पाहावे.