घरी क्लच बदलताना या चुका टाळा

अल्टो, वॅगनआर यांसारख्या केबल क्लचच्या गाड्यांचा क्लच घरच्या आवारात बदलता येतो. काम अवघड नाही, जड आहे. आणि बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या तासात, घाईपायी.

सगळ्यात महागात पडणारी चूक गिअरबॉक्स परत चढवताना होते. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे मधल्या खाचांमध्ये, जेमतेम शिरतो, गिअरबॉक्स इंजिनापासून बोटभर अंतरावर अडतो, हात भरून आलेले असतात. मग दोन बोल्ट लावून तो पान्याने ओढून घेतला जातो. एका अल्टोत असंच झालं. संध्याकाळी सगळं जुळलं, इंजिन सुरू झालं, पण क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरतच होता. मालक केबल ताणत राहिला. शेवटी पुन्हा सगळं उतरवलं तेव्हा प्लेटचा हब वाकलेला निघाला. नशीब वाईट असतं तर बेल हाउसिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या कवचाचा, बोल्टचा कानही तुटला असता. अॅल्युमिनियम पान्यापुढे टिकत नाही.

गिअरबॉक्स हातानेच बसला पाहिजे. अडला, तर प्लेट मध्यावर नाही, स्प्लाइन जुळत नाहीत किंवा गिअरबॉक्स तिरका आहे. क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळण्याआधी सेंटरिंग टूल (प्लेट मध्यावर धरणारी दांडी) घाला. बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. छोट्या गाड्यांत साधारण २० ते २५ न्यूटन मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. उघडतानाही हाच क्रम ठेवा. गिअरबॉक्सखाली जॅक हवाच, वजन शाफ्टवर लटकू देऊ नका. डोकं कापलेले दोन लांब बोल्ट इंजिनात गाइड म्हणून लावले की निम्मी झटापट वाचते. तरीही अडला, तर क्रँक पुलीचा बोल्ट कुणाला तरी पान्याने किंचित फिरवायला सांगा आणि गिअरबॉक्स हलवत पुढे न्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त प्लेट बदलणं. ही बचत मला अजिबात पटत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची मेहनत तेवढीच लागते, मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं) तिन्ही एकदमच बदला. जुनी प्लेट तेलकट असेल तर तेल कुठून आलं ते शोधा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील; नाहीतर इंजिन ऑइल, म्हणजे संशय क्रँकच्या मागच्या सीलवर. सील न बदलता नवी प्लेट लावली तर तीही भिजते, आणि गाडी जागेवरून निघताना थरथरते.

फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या ज्या चाकावर क्लच बसतो त्यावर) निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर तो मशिनिंगला द्या. नुसती चकाकी असेल तर पॉलिश पेपर मारून ब्रेक क्लीनरने पुसा.

स्प्लाइनवर ग्रीस पातळ थराएवढंच, जास्तीचं पुसून टाका. प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच. रिलीज बेअरिंग पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. एक्सल काढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या. गाडी घोड्यांवरच (अॅक्सल स्टँडवर) उभी करा. विटा किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर खाली शिरू नका.

केबल नव्याने अॅडजस्ट करा. जुन्या सेटिंगवर पेडलला फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) उरला नाही, तर बेअरिंग सतत टेकून राहतं आणि नवा क्लचही घसरून जळतो. पहिले ५०० किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका.