पाळलेल्या कॉर्न स्नेकला ऊन कसं द्यावं

कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप. उंदीर अख्खा गिळणाऱ्या या सापाला ड जीवनसत्त्व खाण्यातूनही मिळतं, त्यामुळे उन्हावाचून तो मरत नाही. पण अतिनील-ब (उन्हात असणाऱ्या यूव्हीबी) किरणांखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तात ड३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) वाढलेलं आढळलं आहे. बॉल पायथन या आफ्रिकेतल्या छोट्या अजगरामध्ये तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ऊन फायद्याचं, पण बेतानं.

काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नका. काच अतिनील-ब किरण अडवते आणि उष्णता मात्र कोंडते. काही मिनिटांत साप भाजून मरू शकतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामी निरुपयोगी. त्याऐवजी चेन (झिप) असलेला जाळीचा पिंजरा घ्या. चेनची टोकं क्लिपनं अडकवा, कारण एवढ्याशा फटीत नाक खुपसून साप ती उघडतो. निम्म्या भागावर जाड कापड टाका, त्या सावलीत लपायला खोका आणि पाण्याचं भांडं ठेवा.

सकाळचं कोवळं ऊन, हवा २४ ते २९ अंश. सुरुवात दहा मिनिटांनी, पुढे वीस-तीस. तापमान पिंजऱ्याच्या उन्हातल्या तळाचं मोजा. ३२ च्या वर गेलं की आत आणा. साप तोंड उघडून श्वास घेतोय, जाळीवर नाक घासतोय, तर त्याच क्षणी उचला. सावली निवडली तर निवडू द्या.

खाल्ल्यावर दोन दिवस आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले असताना बाहेर काढू नका. अल्बिनोंना (अंगात काळं रंगद्रव्य नसलेल्या सापांना) ऊन फार कमी द्या. कावळे, घारी, मांजरं असतात, म्हणून जवळून हलू नका.

हे परदेशी जातींपुरतंच. धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.