बायपासची तारीख मिळाली? रक्ताची तयारी आजच सुरू करा

हृदयाच्या ऑपरेशनचा पेशंट असला की आमच्या ब्लड बँकेच्या खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "मॅडम, किती बाटल्या लागतील?" मी उलट विचारते, "पेशंटचं हिमोग्लोबिन किती?" बहुतेकांना ते माहीत नसतं. आणि खरी तयारी तिथेच असते.

तारीख ठरली की सीबीसीसोबत (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. शरीरात लोह कमी असेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल, तर आधी लोह भरून काढता येईल का, हेही विचारा. रक्त मुळात कमी असलेल्यांनाच जास्त पिशव्या लागतात. दुसऱ्याचं रक्त हे टॉनिक नाही. ज्यांना ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं गेलं, त्यांच्यात नंतर पायाच्या शिरांत आणि फुप्फुसात गुठळ्या जास्त आढळल्याचं मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. अर्थात जास्त आजारी माणसालाच रक्त जास्त लागतं, म्हणून सगळा दोष रक्तावर टाकता येत नाही. तरीही गरज नसताना एकही पिशवी चढू नये असं मला मनापासून वाटतं. 2017 साली सुमारे 5,000 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत हिमोग्लोबिन 7.5 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, तरी निकाल बिघडले नाहीत. तेव्हा आयसीयूतले डॉक्टर "आठ आहे, थांबू या" म्हणाले तर हट्ट धरू नका.

आता गोळ्या. घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून सर्जनकडे न्या, काढे आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूलसुद्धा. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारण 5 दिवस आधी थांबवतात, प्रासुग्रेल 7 दिवस. अ‍ॅस्पिरिन बऱ्याचदा चालूच ठेवतात. पण स्टेंट (हृदयाची धमनी उघडी ठेवणारी जाळी) असेल तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

रक्त गोठूही नये आणि जास्त वाहूही नये, हीच कसरत ऑपरेशन टेबलावर भूलतज्ज्ञ आणि पर्फ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे) करतात. ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या या मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून भरपूर हेपारिन देतात, शेवटी प्रोटामिनने त्याचा असर उतरवतात. रक्तस्राव कमी राहावा म्हणून ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड असतं. सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं सेल सेव्हर यंत्र तुमच्या हॉस्पिटलात आहे का, एवढं विचारून ठेवा.

डोनर मात्र आधी जमवा. पुरुषांना दोन रक्तदानांत 3 महिने आणि बायकांना 4 महिने अंतर लागतं, हिमोग्लोबिन किमान 12.5. "माझंच रक्त बाबांना द्या" असं मुलगा म्हणतो तेव्हा त्याची माया कळते, पण मी नाही म्हणते. सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात तग धरून त्याच्यावरच उलटू शकतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जीव जातो. त्यासाठी ती पिशवी रेडिएशन देऊनच वापरावी लागते. तुम्ही द्या, ते दुसऱ्या कुणाला जाईल; बाबांना परक्याचं मिळेल.

ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट उठवतील तेव्हा पेशंटला चालू द्या, दया दाखवून झोपवून ठेवू नका. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, ठरल्या दिवशी. बायपाससाठी ज्या पायातली शीर काढतात तो पाय थोडा सुजतोच. पण पोटरी ताठून दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता त्याच रात्री इमर्जन्सीत न्या.