हा नंबर कोणी लिहिला? कर्नल पीसीआय कार्डाला जागा आणि इंटरप्ट कसा देतो, ते स्वतः करून बघा

बाबांचं सांगलीत कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. १९९७ च्या सुट्टीत मी तिथे बसायचे आणि चिमट्यानं जंपर हलवायचं काम माझ्याकडे असायचं. नेटवर्क कार्ड लावलं की मोडेम गप्प, कारण दोघांनाही इंटरप्ट ३, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ३ नंबरची लाइन, हवी असायची. मग ज्वारीच्या दाण्याएवढा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, उचलून दुसऱ्या पिनांवर बसवायचा आणि बाबा वहीत टिपायचे: देशपांड्यांच्या मशीनला नेटवर्क १० वर, साउंड ५ वर.

कार्ड जोडायची पीसीआय ही पद्धत आली आणि वही बंद झाली. नंबर मात्र आजही कोणीतरी ठरवतंच, फक्त ते आता दिसत नाही. मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, लिहायला लागले तेव्हा याच न दिसणाऱ्या वहीनं माझे तीन दिवस खाल्ले. म्हणून टीममध्ये नवीन पोरं आली की मी त्यांना आधी हा प्रयोग करायला लावते. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

खऱ्या मशीनवर करू नका. क्यूइमू या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये लिनक्सची व्हर्च्युअल मशीन उघडा, मशीनचा प्रकार क्यू३५ निवडा आणि डिव्हाइस म्हणून 'एज्यु' जोडा. हे शिकण्यासाठीच बनवलेलं खोटं कार्ड आहे. आकडा दिला की त्याचं फॅक्टोरियल काढून देतं, आणि सांगितलं की इंटरप्ट मारतं. त्याच्यासाठी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तयार ड्रायव्हर नाही, त्यामुळे मधे लुडबुड करायला कोणी नसतं.

आत गेल्यावर 'एलएसपीसीआय -एनएन' ही पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड चालवा आणि १२३४:११ई८ शोधा. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा वस्तूचा. समोर ००:०४.० असं काहीतरी दिसेल: बस (कार्डांची सामायिक वाट), डिव्हाइस, फंक्शन. बस जास्तीत जास्त २५६, एका बसवर ३२ डिव्हाइस, एका डिव्हाइसमध्ये ८ फंक्शन. बूट होताना कर्नल यांची शिरगणती करतो. प्रत्येक जागी कंपनीचा नंबर वाचायचा. एफएफएफएफ आलं तर तिथे कोणी राहत नाही, पुढे चला. ब्रिज, म्हणजे दोन बस जोडणारा दुवा, लागला की त्याच्या पलीकडच्या बसला नंबर द्यायचा आणि खाली उतरायचं. खाली एकूण किती बस निघतील हे तेव्हा माहीत नसतं, म्हणून शेवटच्या बसच्या रकान्यात आधी तात्पुरता मोठा आकडा टाकतात आणि वर येताना खरा भरतात.

आता त्याच कार्डावर 'एलएसपीसीआय -एस ००:०४.० -एक्सएक्सएक्स' चालवा. कार्डाच्या सेटिंगचा २५६ बाइटचा तक्ता येतो, पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डाला तो ४०९६ बाइटपर्यंत जातो. सुरुवातीला ३४ १२ ई८ ११ दिसेल. उलटं वाटलं तरी बरोबर आहे, लहान बाइट आधी येतो. यापुढचे सगळे ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, हेक्समध्ये धरा.

ऑफसेट १० पासून सहा बार असतात, म्हणजे बेस ॲड्रेस रजिस्टर, कार्डाच्या जागेचा पत्ता ठेवणारे रकाने. कार्डाला मेमरीच्या पत्त्यांमध्ये किती जागा हवी हे इथून कळतं, आणि ती विचारण्याची पद्धत मला अजूनही आवडते. सरळ आकडा कुठेच लिहिलेला नसतो. सगळे बिट १ करून लिहायचे आणि परत वाचायचं. कार्ड ज्या बिटांना हलू देत नाही, तेवढी त्याची जागा.

करून बघा. आधी 'सेटपीसीआय' या तक्ता वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या कमांडनं बेस_ॲड्रेस_० आणि कमांड या दोन्ही रजिस्टरांत आत्ता काय आहे ते वाचून कागदावर लिहा. मग कमांड रजिस्टर शून्य करा, नाहीतर मधल्या क्षणी कार्ड भलत्याच पत्त्यावर उत्तर द्यायला लागेल. आता बेस_ॲड्रेस_० मध्ये आठ एफ लिहा आणि वाचा. एफएफएफ००००० येईल. खालचे चार बिट खुणेचे असतात, ते सोडा, बाकीचे उलटे करा, एक मिळवा: हेक्स १०००००, म्हणजे १ एमबी. कागदावरचे आकडे परत भरा. हाच प्रयोग चालू एनव्हीएमई डिस्कवर केलात तर डिस्क पायाखालून निघून जाईल, म्हणून वर खऱ्या मशीनला नको म्हटलं.

तो मूळ पत्ता कोणी लिहिला होता? बहुतेक पीसींवर फर्मवेअरनं, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बायोससारख्या प्रोग्रामनं. लिनक्स तो पटला तर तसाच ठेवतो, नाही पटला किंवा रिकामा असला तर स्वतः वाटप करतो. ब्रिजमागे जागा पुरली नाही तर 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, बार नेमता आला नाही अशी तक्रार येते, आणि तेव्हा कर्नलच्या ओळीत 'पीसीआय=रीॲलॉक' घालून बघायचं.

आता माझे तीन दिवस. त्याच तक्त्यात ऑफसेट ३डी वर इंटरप्टची पिन असते. १ म्हणजे इंट-ए. ही कार्डाच्या बांधणीत असते. ऑफसेट ३सी वर लाइन असते. तिथे बहुधा ०बी किंवा ०ए दिसेल, म्हणजे ११ किंवा १०. मी सुखानं मानलं की कार्डाचा इंटरप्ट ११. ड्रायव्हरमध्ये डिव्हाइसचा आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचा नंबर, वाचला, ११ आला, नोंदणी झाली, एररही नाही. इंटरप्ट मात्र एकही येईना. पहिला दिवस हँडलरवर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) संशय, दुसरा कार्डावर, तिसऱ्या दिवशी स्वतःवर.

झालं असं होतं की ३सी मधला आकडा कार्ड वापरतच नाही. फर्मवेअरनं इंटरप्ट सांभाळणाऱ्या जुन्या ८२५९ चिपच्या हिशेबानं लिहून ठेवलेली ती चिठ्ठी असते. आज तार जाते तिच्या जागी आलेल्या आयओ-एपीआयसीकडे, आणि कुठली पिन त्याच्या कुठल्या पायाला हे एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअरनं कर्नलला दिलेल्या माहितीच्या, _पीआरटी तक्त्यात असतं. लिनक्स तो तक्ता वाचून खरा नंबर भरतो तो 'पीसीआय_इनेबल_डिव्हाइस' बोलावल्यावर. मी आयआरक्यू त्याच्या आधीच्या ओळीत वाचत होते! दोन ओळींची अदलाबदल केली आणि ११ चा २० झाला. क्यू३५ वर तुम्हालाही १६ ते २३ मधला कुठला तरी मिळेल. ड्रायव्हर चढल्यावर 'एलएसपीसीआय -व्ही' आणि 'एलएसपीसीआय -व्ही -बी' शेजारी शेजारी चालवा. पहिल्यात कर्नलचं म्हणणं दिसतं, दुसऱ्यात कार्डावरची चिठ्ठी.

तेव्हा प्रोबमधला (कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) क्रम असा ठेवा: 'पीसीआय_इनेबल_डिव्हाइस', मग 'पीसीआय_रिक्वेस्ट_रीजन्स', मग 'पीसीआय_आयओमॅप'. इथे थांबून कार्ड जिवंत आहे का बघा. इथून पुढचे ऑफसेट तक्त्यातले नाहीत, बारनं दाखवलेल्या जागेतले आहेत. ऑफसेट ४ वर हेक्स १२३४५६७८ लिहा. वाचताना ईडीसीबीए९८७ आलं तर बार जागेवर बसला.

हँडलरमध्ये दोन गोष्टी. पीसीआयची तार वाटून घेतलेली असते, म्हणून 'आयआरक्यूएफ_शेअर्ड' हवंच आणि ऑफसेट २४ वाचून आधी विचारायचं: हाक माझी आहे का? शून्य आलं तर 'आयआरक्यू_नन' परत करा. आपली असेल तर तोच आकडा ६४ वर लिहून पोच द्या. ही तार पातळीवर चालते. पोच मिळेपर्यंत कार्ड ती धरून ठेवतं आणि हँडलरमधून बाहेर पडताच तुम्ही पुन्हा आत. पोच न देता 'आयआरक्यू_हँडल्ड' म्हणालात तर मशीन गोठल्यासारखं होईल. सगळेच 'नन' म्हणाले तर कर्नल मोजत बसतो, आणि १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की 'नोबडी केअर्ड' लिहून ती लाइनच बंद करतो. त्या लाइनवर यूएसबी असेल तर तीही अडचणीत येते. शेजाऱ्याची काही चूक नसते.

एमएसआय, म्हणजे मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट, यात ही भाऊबंदकी नाही. कार्ड तार ओढत नाही, कर्नलनं दिलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितं. एक्स८६ वर तो पत्ता एफईई नं सुरू होतो. एमएसआयला ३२ पर्यंत, एमएसआय-एक्सला २०४८ पर्यंत वेगळे इंटरप्ट मिळू शकतात. 'पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स' मागा आणि नंबर 'पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर' कडूनच घ्या. त्याआधी 'पीसीआय_सेट_मास्टर' मात्र विसरू नका. कार्डाला मेमरीत लिहायची परवानगी तिथून मिळते, आणि एमएसआय हेही लिहिणंच आहे. आमच्याकडे दर वर्षी एक जण ही ओळ विसरतो.

आता ऑफसेट ६० वर १ लिहा आणि '/प्रॉक/इंटरप्ट्स' ही इंटरप्टच्या मोजणीची फाइल उघडा. तुमच्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळीत 'पीसीआय-एमएसआय' आणि कुठल्या तरी एका सीपीयूखाली १ दिसायला हवा. मग 'पीसीआय=नोएमएसआय' घालून पुन्हा बूट करा, तोच ड्रायव्हर चढवा आणि तीच ओळ बघा: आता 'आयओ-एपीआयसी' येईल, आणि नंबरही बदललेला असेल.